पुण्याहून जर्मनीला: कागदांचा क्रम, आणि तो कुठे अडतो

शनवारकरीण (धागाकर्ती)

"जर्मनीला निघालोय, काय काय लागेल?" असा धागा दर थोड्या दिवसांनी निघतो आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात. म्हणून इथे एकत्र करू. विनंती एवढीच की "आमचं असं झालं" नको. कागद कुठला, कोण देतं, किती दिवस लागतात आणि कशामुळे अडतो, इतकंच लिहा.

उदाहरणासाठी एक घर धरू: नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी, एकाला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) नोकरी, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, आई-वडील पुण्यातच.

तिथली कामं एकात एक अडकलेली असतात. घराचा कागद नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर कर क्रमांक येत नाही, आणि तो नसेल तर पगारातून कर जास्त कापला जाऊ शकतो. घर द्यायचं तर मालक आधी पगारपत्रक मागतो. ही गाठ कुठून सोडवायची, हाच खरा प्रश्न आहे. त्यातले निम्मे धागे पुण्यात असतानाच हातात घ्यावे लागतात, म्हणून पुण्यापासून सुरुवात करू.

---

मुठाकाठ

पुण्यातले दोन कागद सगळ्यात जास्त अडवतात, जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला.

हॉस्पिटलातून महापालिकेकडे जन्माची नोंद जाते तेव्हा बहुतेकदा बारसं झालेलं नसतं. त्यामुळे दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. शाळाप्रवेशात हे कधीकधी खपून जातं, व्हिसाला अजिबात चालत नाही. नाव नंतर घालता येतं, जन्मापासून १५ वर्षांपर्यंत, पहिल्या वर्षात शुल्काविना आणि पुढे विलंबशुल्क भरून. आई आणि वडील दोघांची नावं पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतात का ते त्याच वेळी पाहून घ्या. 'Deepa' आणि 'Dipa' एवढ्या फरकावरही पुन्हा चकरा होतात.

लग्नासाठी कार्यालयाची पावती, पत्रिका, गुरुजींचं पत्र यातलं काही उपयोगाचं नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा दाखला लागतो. तो महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. दोघांनी स्वतः जायचं, सोबत तीन साक्षीदार. लग्न जुनं असलं तरी नोंदणी होते, फक्त उशिराचा दंड भरावा लागतो.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मारायच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याबद्दल, नीट लक्ष द्या. भारत २००५ मध्ये त्या करारात आला, पण जर्मनीने भारताच्या सामील होण्यावर हरकत नोंदवली. त्यामुळे इतर देशांसाठी कामी येणारा तो शिक्का जर्मनीसाठी गृहीत धरू नका. "सगळ्या कागदांना अपोस्टिल करून देतो" असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी, तुमच्या व्हिसा प्रकाराच्या यादीत नेमकं काय मागितलंय ते वाचा. जे मागितलंय तेवढंच करा.

---

तुळशीकट्टा

मुठाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून, मराठी नावांचा गुंता वेगळा लिहायला हवा.

आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि 'सरनेम'मध्ये आडनाव असतं. जर्मन कचेरीला मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव हे ठाऊक नसतं, ते दोन्ही तुमचीच नावं धरतात. त्याने बिघडत काही नाही, फक्त सगळीकडे तीच जोडी तशीच लिहायची. विमान तिकीट, नोकरीचा करार, बँक, विमा, भाडेकरार. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की तिथली नोंद दुसऱ्या माणसाची ठरू शकते आणि दुरुस्तीला महिने जातात.

बायकांचा प्रश्न याहून मोठा. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि मधलं नावही बदललेलं. दोन्ही नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह दाखला. नाव राजपत्रातून बदललं असेल तर राजपत्राची प्रतही हवी. एखादीने नाव बदललंच नसेल तर उत्तम, निव्वळ जर्मनीला जायचंय म्हणून बदलू नका.

आणखी एक. २०१४ च्या आधीच्या गुणपत्रिकांवर 'पुणे विद्यापीठ' असतं, नंतरच्यांवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. संस्था एकच. जर्मनीच्या 'आनाबिन' या यादीत आपलं विद्यापीठ आणि पदवीचा प्रकार शोधून त्या पानांची छपाई अर्जासोबत ठेवा. विद्यापीठासमोर 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, दिसायला हवं. पदवी तिथे सापडली नाही तर वेगळं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि ते आठवड्याभरात होत नाही.

---

नवखा_पौडरोड

भाषेचं काय? ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए-वन (जर्मनची सगळ्यात पहिली पातळी) परीक्षा लागते की नाही, यावर दोन जण दोन उत्तरं देतात.

---

तुळशीकट्टा

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ती अट नाही. इतर बऱ्याच प्रकारांत आहे, म्हणून दोन उत्तरं मिळतात. तरीही शिकूनच निघा, ही माझी आग्रहाची विनंती. बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहे. इतकी सोय फार थोड्या शहरांत असते. ब्लू कार्डधारकाला कायम वास्तव्याचा परवाना ए-वनवर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-वनवर (दोन पायऱ्या वरची पातळी) २१ महिन्यांनी. आणि नोकरी नसलेल्या जोडीदाराचा दिवस दुकान, डॉक्टर आणि बालवाडीत जातो, तिथे इंग्रजी फार पुढे नेत नाही.

---

हिशेबवही

आता पुण्यातले पैसे.

नोकरीसाठी देश सोडलात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. तेव्हा साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) बदलून घ्यायचं. परदेशातली कमाई भारतात ठेवायची असेल तर एनआरई वेगळं उघडायचं. प्राप्तिकराचा निवासी-अनिवासी हिशेब निराळा आहे, तो आर्थिक वर्षातल्या दिवसांवर चालतो. नोकरीसाठी जाताना त्या वर्षात भारतात १८२ दिवसांहून कमी राहिलात तर अनिवासी. म्हणजे सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आत निघणं आणि ऑक्टोबरात निघणं यात त्या वर्षीच्या कराचा मोठा फरक पडतो. रुजू व्हायची तारीख ठरवताना हे डोक्यात असू द्या.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत भरता येतं. नवीन उघडता येत नाही आणि मुदतवाढही मिळत नाही.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर चार गोष्टी. करार नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच हवा, महाराष्ट्रात ते कायद्याने बंधनकारक आहे. मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो, आणि त्याला किमान रकमेची मर्यादा नाही. हे भाडेकरूला करार करतानाच सांगा, कारण न कापल्याची जबाबदारी त्याच्यावर येते. तुमचा प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर कमी दराच्या दाखल्यासाठी प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करता येतो. तिसरं, पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहण्यासाठी असलेली ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला नाही. चौथं कुलमुखत्यारपत्र.

ते निघण्याआधीच आई-वडिलांच्या किंवा भावंडाच्या नावे करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नंतर तिथून करायचं तर वकिलातीत जाऊन सही, मग कागद कुरियरने पुण्यात, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक. ही तीन महिन्यांची मुदत पुष्कळांना माहीत नसते. त्यात कामांची यादी नेमकी लिहा: भाडेकरार, सोसायटीची सभा, वीजबिल, मिळकतकर, बँकेतलं ठरावीक काम. विकण्याचा अधिकार हवाच असेल तर तो विचार करून वेगळा द्या.

---

नवखा_पौडरोड

खातं एनआरओ केलं नाही तर लगेच काही होतं का? पुष्कळ जण करत नाहीत.

---

हिशेबवही

लगेच काही दिसत नाही, म्हणूनच लोक टाळतात. पण तो नियमभंग आहे, आणि पुढे फ्लॅट विकून पैसे बाहेर न्यायचे असतात तेव्हा तो समोर येतो. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, सनदी लेखापालाच्या दाखल्यासह. खातं निवासी म्हणून चालू ठेवलेलं असेल तर आधी ते निस्तरावं लागतं.

आणि भारतातला मोबाइल क्रमांक जिवंत ठेवा. बँक, आधार, प्राप्तिकर, पीएफ सगळ्यांचा ओटीपी त्यावरच येतो. पोस्टपेड असेल तर स्वस्त प्रीपेड करून घ्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग पुण्यात असतानाच सुरू करा, आणि रिचार्ज संपण्याची तारीख आई-वडिलांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. क्रमांक एकदा दुसऱ्याला गेला की परत मिळत नाही.

---

ईसारतीर

घराबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्या साखळीची पहिली कडी तीच आहे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी सामानसुमानासह तात्पुरतं घर घ्या, पण घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: या पत्त्यावर 'आनमेल्डुंग' होईल का? आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. बरीच तात्पुरती घरं ती देत नाहीत. अशा घराचं भाडं स्वस्त असलं तरी पुढचं सगळं त्यामुळे थांबतं, म्हणून ते महागच पडतं.

कायमचं घर शोधताना जाहिरातीत दोन आकडे दिसतात. 'काल्टमिटे' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममिटे' म्हणजे त्यात गरम पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा याच्याही बाहेर. अनामत कायद्याने तीन काल्टमिटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीन समान हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

मालक 'शुफा' मागेल, म्हणजे पतअहवाल. नव्या माणसाचा तो रिकामाच असतो. त्याऐवजी नोकरीचा करार, असतील तेवढी पगारपत्रकं, कंपनीचं पत्र, विमा घेतल्याचा पुरावा आणि कुटुंबाची चार ओळींची ओळख जर्मनमध्ये, असं सगळं एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. जाहिरात आल्यावर तासाभरात पाठवलं तर बोलावणं येण्याची शक्यता राहते.

घर न पाहता पैसे पाठवायचे नाहीत, काहीही झालं तरी. "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल" हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे आणि नवीन आलेले लोकच त्यात सापडतात.

रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरात सिंक, शेगडी, ओटा काहीच नसतं, छतातून दिव्याच्या तारा लोंबत असतात. जुना भाडेकरू आपलं किचन विकत असेल तर ते घेणं सोयीचं पडतं, कारण नवीन बसवायला आठवडे लागतात.

ताबा घेताना 'युबरगाबेप्रोटोकोल', म्हणजे घराच्या स्थितीची लेखी नोंद, करायचाच: प्रत्येक खोलीतले ओरखडे, डाग, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, दोघांच्या सह्या, आणि तारखेसह फोटो. घर सोडताना अनामतीचा सगळा वाद यावरच मिटतो.

आणि बुरशी. आपल्या स्वयंपाकात वाफ खूप, हिवाळ्यात कपडे घरातच वाळतात, आणि थंडीच्या भीतीने खिडक्या बंद. मग ती वाफ सगळ्यात गार भिंतीवर, म्हणजे कोपऱ्यात आणि कपाटामागे, पाणी होऊन बसते आणि काळी बुरशी धरते. मालक दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे मागू शकतो. उपाय: दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडायच्या, तेवढ्यापुरतं हीटिंग बंद, मग पुन्हा मिटायच्या. खिडकी दिवसभर किलकिली ठेवून उपयोग नाही, भिंत आणखी गार होते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

---

शनवारकरीण

ईसारतीर, फारच नेमकं. आता नोंदणी आणि पुढची साखळी कोणी लिहील का?

---

रांगेतला_पहिला

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत आनमेल्डुंग करायचं. जागा म्हणजे 'ब्युर्गरआम्ट', आपल्या क्षेत्रीय कार्यालयासारखं. मोठ्या शहरात वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती चार-चार आठवडे मिळत नाही. म्हणून घर पक्कं होताच वेळ धरा, घरात पाऊल टाकायची वाट पाहू नका. सकाळी लवकर पान पुन्हा उघडून पाहिलं की रद्द झालेल्या वेळा दिसतात. वेळ मिळाल्याची नोंद जपून ठेवा, १४ दिवस उलटले तरी तुम्ही आधी प्रयत्न केला होता हे दाखवता येतं.

न्यायचं काय: सगळ्यांचे पासपोर्ट, अर्ज, विवाह आणि जन्म दाखले भाषांतरासह, आणि 'व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. हे मालकाच्या सहीचं पत्र, अमुक माणसं अमुक तारखेपासून इथे राहतात असं सांगणारं. नुसता भाडेकरार चालत नाही. पुष्कळांची पहिली खेप इथेच फुकट जाते.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो तिथे करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली की प्राप्तिकरावर ८ टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत) किंवा ९ टक्के (इतरत्र) चर्चकर लागतो. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन कुटुंबांना हा लागत नाही. पुण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र हे समजून घेऊनच रकाना भरावा.

आता सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट. जर्मन पत्त्यात फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन घंटीवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. म्हणून ताबा घेतल्या दिवशी, निदान चिकटपट्टीवर लिहून का होईना, नाव लावा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. दुसऱ्याच्या घरात तात्पुरते असाल तर पत्त्यात 'बाय' लिहून मालकाचं नाव घाला. इंग्रजीत लोक 'सी-ओ' लिहितात तोच प्रकार.

नोंदणीनंतर दोन ते चार आठवड्यांत ११ आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. तो जन्मभर तोच राहतो. तोवर पगार होणार असेल तर कंपनीला कळवा, कारण क्रमांक नसल्यास सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. जास्त कापलेलं पुढे मिळतं, पण पहिल्याच महिन्यात अनामत आणि किचन असताना ते जड जातं.

आणखी काही आठवड्यांनी 'रुंडफुंकबाइट्राग'चं पत्र येईल, दरमहा १८.३६ युरो. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क आहे, टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला लागतं. फसवणूक समजून फाडू नका. एका घरात चार जण राहत असतील तर एकानेच भरायचं.

---

हिशेबवही

करवर्गाबद्दल थोडी भर. जोडीदार पुण्यात आहे तोवर विवाहित असूनही पहिला वर्गच लागतो. जोडीदार जर्मनीत नोंदला गेला की चार-चार. एकाचीच कमाई असेल तर 'फिनान्त्सआम्ट'कडे (कर कार्यालय) अर्ज करून तीन-पाच (जास्त कमावणाऱ्याला तीन, दुसऱ्याला पाच) घेता येतात, महिन्याचा हातात येणारा पगार बराच वाढतो. जर्मन करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. ज्या वर्षी निघालात त्या वर्षाच्या दोन्हीकडच्या कागदांच्या प्रती ठेवा.

कंपनीने पुण्यातल्या पगारावरच ठरावीक काळासाठी पाठवलं असेल तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार लागू होतो, १ मे २०१७ पासून. निघण्याआधी भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घ्या, म्हणजे ४८ महिन्यांपर्यंत तिथलं पेन्शन वेगळं भरावं लागत नाही. थेट जर्मन कंपनीत लागलेल्यांना हे नाही.

बँकेत खातं उघडताना व्हिडिओवरची ओळखपडताळणी भारतीय पासपोर्टवर अनेक ठिकाणी चालत नाही. पोस्टात जाऊन पडताळणी करायचा पर्याय निवडा. कायदेशीर वास्तव्य असणाऱ्या कोणालाही मूलभूत खातं मिळण्याचा हक्क २०१६ पासून आहे, त्याला 'बाझिसकोन्टो' म्हणतात. नकार मिळाला तर हा शब्द वापरा.

---

औषधपाणी

आरोग्यविमा. सरकारी 'क्रांकनकासे' (विमा संस्था, थोडक्यात कासे) की खासगी, हा निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यावा लागतो आणि परिणाम पुढे वर्षानुवर्षं राहतात.

सरकारीचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आणि वर प्रत्येक कासेचा जादा दर, निम्मं कंपनी भरते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं यात वेगळे पैसे न देता येतात. खासगीत प्रत्येक माणसाचा हप्ता निराळा. तरुण एकट्याला खासगी स्वस्त दिसतो, मग जोडीदार येतो, मूल होतं, वय वाढतं, आणि परतीचा रस्ता अरुंद होत जातो. पंचावन्नीनंतर तर जवळजवळ बंदच. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने सरकारीच घ्यावा, माझं मत ठाम आहे.

पोचल्यापासून विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासविमा असू द्या. नेहमीची औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. तिथल्या डॉक्टरला आपले ब्रँड ओळखता येत नाहीत. दातांची कामं आणि चष्मे पुण्यात उरकून घ्या, दोन्हींत तिथला विमा थोडंच देतो. पोचल्यावर लगेच घराजवळचा 'हाउसआर्त्स्ट' (फॅमिली डॉक्टर) शोधा, आजारी पडायची वाट पाहू नका. नवीन रुग्ण घेत नाही असं बऱ्याच दवाखान्यांत सांगतात.

जिवावर बेतलं तर ११२. रात्री-रविवारी ताप, पोटदुखी, पण जीव धोक्यात नाही, तर ११६११७. पोलीस ११०.

मुलीसाठी: २०२० पासून बालवाडी आणि शाळेत गोवरचं लसीकरण सक्तीचं आहे, दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस दाखवावे लागतात. लसीकरणाचं कार्ड मराठीत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत तारखांसह लिहून घ्या. ते चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत हवं.

---

तुळशीकट्टा

मुलीच्याच बाबतीत पुढे. 'किटा'च्या (पाळणाघर-बालवाडी) जागेवर वर्षभराच्या मुलापासून कायद्याने हक्क आहे, पण जागा कमी आणि यादी लांब. पत्ता ठरताच पाच-सहा ठिकाणी नाव नोंदवा, एकावर थांबू नका. 'किंडरगेल्ड' म्हणजे मुलामागे मिळणारी सरकारी रक्कम, जानेवारी २०२६ पासून दरमहा २५९ युरो. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात. त्यासाठी मुलीचा स्वतःचा कर क्रमांक लागतो, म्हणजे पुन्हा पत्रपेटीवरचं नाव.

सहा वर्षांच्या सुमारास शाळा सक्तीची. घरी शिकवून चालत नाही, आणि शाळेच्या दिवसांत मुलांना घेऊन दिवाळीला पुण्याला जायचं तर शाळेची परवानगी लागते. ती सहज मिळत नाही, तिकिटं त्याप्रमाणे काढा.

---

आजीची_वही

सामान भरताना.

वीज तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मिक्सर चालतो, फक्त पिना वेगळ्या. आपला ७५० वॅटचा मिक्सर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो, त्यामुळे प्रवासातला हलका अडॅप्टर नको, अर्थिंगची पिन असलेला जाड घ्या. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांततेचा नियम असतो, इडलीचं वाटण शनिवारी.

कुकर इंडक्शनच्या बुडाचाच घ्या. लोहचुंबक बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तवा सपाट बुडाचा हवा. आपला खोलगट पोळीचा तवा काचेच्या शेगडीवर डगमगतो आणि मधेच तापतो.

युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा, आंबा बर्फी सगळं जप्त होऊ शकतं. बाकरवडी, चिवडा, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, डाळी चालतात. ताजी फळं-भाज्यांना वनस्पतिआरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता नको. नारळ मात्र त्या नियमातून वगळलेला आहे. मसाले आत वाफ धरणार नाहीत असे बंद करा आणि पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा.

तिथे काय मिळतं: तुपाला 'बुटरश्माल्त्स'. श्रीखंडासाठी दही टांगायची गरज नाही, 'श्पायझेक्वार्क ४० टक्के' (चक्क्यासारखा घट्ट) घ्या. 'मागरक्वार्क' नको, तो कोरडा आणि आंबट लागतो. भेंडी, कोथिंबीर तुर्की दुकानात. पोळ्यांना पांढरं ४०५ नंबरचं पीठ चिवट होतं. भारतीय दुकानातली कणीक मिळेपर्यंत १०५० नंबर वापरा आणि अर्धा तास मळून ठेवा.

---

सायकलस्वार

थोडक्यात. भारतीय वाहन परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो, तोही जर्मन भाषांतरासह. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात, ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती मात्र नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच सुरुवात करा. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. पुण्याची सवय इथे घात करते. सायकलनेही लाल दिवा तोडला तर ६० युरो आणि परवान्याच्या खात्यावर एक दंडगुण. देशभर लोकल आणि बसला चालणारं 'डॉइचलांडटिकेट' २०२६ पासून महिना ६३ युरो. ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत.

---

रांगेतला_पहिला

व्हिसा संपण्याच्या तारखेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. भारतातून मिळालेला व्हिसा काही महिन्यांचाच असू शकतो. त्या मुदतीत 'आउसलेंडरबेहोर्डे'कडून (परदेशी नागरिकांचं कार्यालय) वास्तव्य परवान्याचं कार्ड मिळवायचं. आनमेल्डुंग झालं त्याच आठवड्यात अर्ज करा. फोटो छापील नको, अधिकृत डिजिटल पद्धतीचा लागतो.

मुदतीत अर्ज करूनही कार्ड आलं नाही तर 'फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग' नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कुठल्या कलमावर खूण आहे ते पाहा. वास्तव्य कायद्याचं कलम ८१ परिच्छेद ४ असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर परत प्रवेश मिळत नाही. हे न वाचता पुण्याचं तिकीट काढू नका.

---

नवखा_पौडरोड

आई-वडिलांचं कोणी बोललं नाही. इकडे कोणी आजारी पडलं आणि महिनोन्महिने पुण्यात राहावं लागलं, तर परवान्याचं काय होतं? आणि त्यांना तिकडे नेता येतं का?

---

रांगेतला_पहिला

साधा वास्तव्य परवाना सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास आपोआप रद्द होतो. ब्लू कार्ड असेल तर धारकाला आणि त्याच्या कुटुंबीयांना १२ महिने. जास्त लागेल असं दिसलं तर निघण्याआधी किंवा मुदत संपण्याआधी लेखी अर्ज करून वाढ मागता येते. नंतर मागून उपयोग नाही.

आई-वडिलांना भेटीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस आणता येतं. निदान ३० हजार युरोंचा प्रवासविमा, आणि त्यांचं उत्पन्न दाखवता येत नसेल तर मुलाने खर्चाची हमी द्यायची, तिला 'फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना कायमचं आणण्याची वाट कायद्याने खुली झाली आहे. अडतं ते विम्यावर. सरकारी कासेत ते तुमच्या कुटुंबात धरले जात नाहीत, आणि खासगी कंपन्या त्या वयात एकतर घेत नाहीत किंवा हप्ता फार सांगतात. म्हणून कुठलंही आश्वासन देण्याआधी विम्याचं लेखी उत्तर मिळवा.

---

मुठाकाठ

याला जोडून, आई-वडिलांकडे एक फाइल ठेवून जा. कुलमुखत्यारपत्राची मूळ प्रत, फ्लॅटच्या करारनाम्याची आणि सोसायटीच्या भागपत्राची प्रत, मिळकतकराचं शेवटचं बिल, महावितरणचा ग्राहक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, त्यांच्या स्वतःच्या आरोग्यविम्याचं कार्ड आणि कॅशलेस मिळणाऱ्या जवळच्या दोन हॉस्पिटलांची नावं. पुण्यात रात्री धावून येईल अशा एका माणसाचा नंबर मोठ्या अक्षरात, १०८ च्या खाली. भारताची आणि जर्मनीची वेळ: उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आणि तुमचा तिथला पत्ता, पत्रपेटीवर जसं नाव आहे अगदी तसाच लिहून.